कुणाच्या उजवीकडे?

शर्टांच्या कारखान्यात त्याला सगळे 'घड्याळ' म्हणायचे. तोंडावर नव्हे, पाठीमागे. पण त्याला ते ठाऊक होतं आणि खरं सांगायचं तर मनातून आवडायचंही. सुपरवायझर होऊन चार महिने झाले होते. चाळीस माणसांची लाइन हाताखाली आणि नजर सदानकदा मनगटावर! मध्यंतरी कंपनीनं दोन दिवसांचं शिबिर घेतलं. काम सांगितल्यावर समोरच्याला नीट कळलं का ते विचारा, कुणाला बोलायचंच झालं तर बाजूला घेऊन बोला, असं बरंच काही तिथं शिकवलं. घड्याळानं ते सगळं सुंदर अक्षरात वहीत उतरवलं, वही कपाटात ठेवली आणि कुलूप लावलं. झालं शिक्षण!

लाइनच्या टोकाला काजाचं मशीन होतं. त्यावर बावीस वर्षं काजवाल्या मावशी बसत. घड्याळ नवखा होता तेव्हा त्याला काम शिकवलं ते त्यांनीच. पहिल्याच आठवड्यात त्यांनी त्याला चक्क शर्ट अंगात घालायला लावला होता. "उजवं-डावं नेहमी घालणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नाही. पुरुषांचं काज डावीकडे, बायकांचं उजवीकडे. आणि नीट ऐक बाबा, काज एकदा कापलं की कुणाचा बाप आला तरी मिटवू शकत नाही."

त्या मंगळवारी पुरुषांच्या शर्टांचा घाईचा लॉट आला. नमुन्याचा शर्ट समोर हँगरला लटकत होता. घड्याळानं लांबूनच त्याच्याकडे पाहिलं. काजं त्याच्या स्वतःच्या उजव्या हाताला दिसली आणि हा तिथूनच ओरडला, "मावशी, काज उजवीकडे घ्या!"

मावशींनी मान वर केली. "उजवीकडे? बायकांचे आहेत का रे हे?"

"उजवीकडे म्हटलं ना? मग उजवीकडे! दर वेळी फाटे फोडायलाच हवेत का?" हे बोलतानाही तो मनगटाकडेच बघत होता.

मावशींनी मशीन सुरू केलं. संध्याकाळपर्यंत दोनशे साठ शर्टांची काजं उजवीकडे कापून झाली.

बुधवारी तपासणीच्या टेबलावर बोंब उठली. मोठे साहेब स्वतः शर्ट हातात घेऊन खाली आले, मशीनं थांबवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे कुणी सांगितलं?"

खरं एका वाक्याचं होतं हो! पण घड्याळाच्या तोंडून निघालं ते भलतंच. "मी डावीकडे सांगितलं होतं, साहेब. मावशींचं हल्ली लक्ष नसतं. ऐकायलाही कमी येतं बहुतेक."

म्हणजे बघा, खोटं बोलून भागलं नाही, वर बाईंच्या वयावरही घसरला. मावशींनी त्याच्याकडे एकदा पाहिलं, बस्स. त्याच दुपारी त्यांना मशीनवरून उठवून धागे कापायच्या टेबलावर बसवलं, नव्या पोरींना बसवतात तिथं. उठताना त्यांनी मशीन पुसलं आणि त्यावर कापड घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी शर्ट घालताना घड्याळाची बोटं पहिल्याच काजावर अडकली. बायको म्हणाली, "बटणं लावताय की मोजताय?" त्याला हसूही आलं नाही. मग तिनं सहज विचारलं, "मावशी बऱ्या आहेत ना? दिसल्या नाहीत बऱ्याच दिवसांत." मुलगी झाली तेव्हा मावशींनी उरल्यासुरल्या कापडाची सहा झबली शिवून दिली होती. तो "आहेत" म्हणाला आणि चहा तसाच टाकून निघाला. बायकोच्या नजरेला नजर द्यायची त्याला लाज वाटत होती.

कारखान्यात तर आणखी पंचाईत. तो जवळून गेला की मावशी म्हणायच्या, "नमस्कार, साहेब." ते 'अरे' गेलं, ते 'बाबा' गेलं. ते 'साहेब' त्याला शिवीपेक्षा जास्त झोंबायचं. जेवणाच्या सुट्टीत तो दुसऱ्या दाराने जाऊ लागला.

शनिवारी त्यानं त्यांना पाण्याच्या नळाजवळ एकटं गाठलं. आजूबाजूला कुणी नाही हे आधी बघून घेतलं, हे विसरू नका. "मावशी, चुकलं माझं," तो पुटपुटला.

मावशींनी बाटली भरली, झाकण लावलं. "मला माहीतच आहे की, साहेब. मला कशाला सांगताय? ज्यांना माहीत नाही, त्यांना सांगा."

रविवार त्यानं कसा काढला ते त्यालाच ठाऊक. सोमवारी मशीनं सुरू व्हायच्या आधी मोठे साहेब आठवड्याचं काम सांगायला आले, तेव्हा हा मध्येच उभा राहिला. कान लाल झालेले. "ते शर्ट... उजवीकडे मीच सांगितलं होतं. मावशींनी विचारलं होतं, मीच खेकसलो. आणि नंतर खोटं बोललो. त्यांना ऐकायला नीट येतं."

मोठे साहेब हळूच म्हणाले, "केबिनमध्ये या."

केबिनमध्ये त्यांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. पण दार लावून घेतलं होतं, खुर्ची दिली होती, पाण्याचा ग्लासही पुढे केला होता. साहेबांनीही तेच शिबिर केलं होतं ना! तो ग्लास हातात धरून घड्याळाला जेवढी शरम वाटली, तेवढी चाळीस जणांसमोरही वाटली नव्हती. मावशींसाठी कुणी दार लावलं नव्हतं.

मावशी दुपारीच पुन्हा मशीनवर बसल्या. त्यांनी कापड काढलं, घडी केली, सुईत धागा ओवला. नवा लॉट आला. या वेळी घड्याळ स्वतः चालत त्यांच्यापाशी गेला. हँगरवरचा शर्ट काढून त्यानं आपल्या छातीला लावला. "पुरुषांचे आहेत, मावशी. घालणाऱ्याच्या डावीकडे. बरोबर ना?"

आता त्या 'अरे' म्हणतील, या आशेनं तो उभा राहिला.

मावशींनी खणातून कागदाचा कपटा आणि पेन्सिल काढून त्याच्यापुढे ठेवली.

"तेवढं लिहून द्या, साहेब."

त्यानं लिहून दिलं आणि खाली सही केली.