गाठीचे वळ

ऑरिन त्वेतच्या टायला इस्त्री करायची नाही, हे आर्डिसला लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी कळलं. चर्चला जायच्या आधी ती त्याच्या शर्टाला इस्त्री करत होती. खुर्चीच्या पाठीवर त्याचा टाय लोंबत होता, गाठीच्या जागी चुरगळलेला. तिनं तो सहज उचलून पसरला, तर दाढीचा फेस तोंडाला तसाच ठेवून ऑरिन आतून धावत आला.

"अगं, थांब! त्याला इस्त्री लावू नकोस."

"चुरगळलाय रे. लोक म्हणतील, बायको आणली ती आळशी आणली."

"म्हणू देत. ती चुरगळ नाही, खूण आहे. बरोबर तिथं गाठ मारली की टोक पट्ट्यावर येतं. खूण गेली की मी गेलो."

इस्त्री बाजूला ठेवावी लागली, ती कायमची.

टाय गर्द निळा होता, त्यावर बारीक करड्या रेघा. लग्नासाठी घेतलेला. पुढं नाताळात, वाढदिवसांना पुष्कळ टाय आले. ते खणात गेले आणि तिथंच राहिले. ऑरिनच्या लेखी टाय एकच होता.

एरवी तो टायवाला माणूस नव्हताच. मिनेसोटाच्या त्या गावातल्या सहकारी डेअरीत तो लोणी करायचा. आठवडाभर पांढरी टोपी, गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आणि अंगाला आंबट सायीचा वास. आर्डिस त्याला भेटली तीही तिथंच. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती डेअरीच्या खिडकीवर कामाला होती. कुणाला दूरच्या नातेवाइकांना लोणी पाठवायचं असलं की ऑरिन खोक्याला सुतळी बांधायचा आणि म्हणायचा, "बोट ठेव." ती पहिल्या वेढ्यावर बोट दाबून धरायची, तो वरून गाठ मारायचा. एकदा बोट गाठीतच अडकलं आणि ते सोडवायला त्यानं जरा जास्तच वेळ घेतला. रांगेतल्या बायकांनी ते पाहिलं. त्यानंतर दोघांना लग्न ठरवण्याखेरीज फारसं काही करायचं उरलं नव्हतं.

रविवारी मात्र ऑरिन वेगळा माणूस असायचा. शेतांच्या मधोमध उभ्या असलेल्या लाकडी चर्चच्या दारात तो उभा राहायचा, आलेल्यांना बाकापर्यंत पोचवायचा आणि प्रार्थनेच्या मध्ये दानाचं ताट फिरवायचा. पितळेचं ताट, तळाला हिरवं लोकरी कापड. ताट फिरवणारे चौघं होते आणि त्या चौघांत टायची लांबी हा गंभीर विषय होता. टोक पट्ट्याच्या बकलला टेकलं पाहिजे. वर राहिलं तर माणूस लहानपणीचा टाय लावून आल्यासारखा दिसतो. खाली गेलं तर त्याहून वाईट, कारण वाकलं की टाय ताटात लोळतो.

हे नुसतं बोलायचं नव्हतं. लीलंड ब्रेक्के हा त्यांच्यातला सगळ्यात उंच आणि सगळ्यात घाईचा. एका रविवारी त्याचा टाय ताटात पडला, म्हाताऱ्या नीगार्डबाईंनी त्यावरच आपलं दानाचं पाकीट ठेवलं आणि ताट टायसकट घट्ट धरून शेजारणीकडे सरकवलं. ताटाबरोबर लीलंडही सरकला. तीन बायका ओलांडून जाईपर्यंत त्याची मान ताटातच होती. पाद्री भिंतीकडे तोंड करून बराच वेळ खोकत राहिले.

"हसू नकोस," खाली तळघरात कॉफी पिताना लीलंड म्हणाला. "तुझ्यावरही वेळ येईल."

"माझ्यावर नाही येणार," ऑरिन म्हणाला. "मी मोजून बांधतो."

ऑरिनवर वेळ आली ती उलट्या बाजूनं. रोज लोणी चाखून पाहणारा माणूस. तिशी ओलांडली आणि पोट पुढं आलं. टाय पोटावरून वळसा घालून जायला लागला आणि टोक वर वर सरकलं. ऑरिननं गाठ थोडी वर घेतली. टायवर दुसरा वळ उमटला. मुलगी लोर्ना शाळेत जायला लागली तेव्हा तिसरा. चौथ्या वळापर्यंत मागची शेपटी बोटभर उरली होती, तीसुद्धा आर्डिस सेफ्टी पिननं शर्टाला टाचून द्यायची.

"नवा घे की," लीलंड म्हणायचा. "ते शेपूट नाही, करंगळी आहे."

"पुरतंय ना? मग झालं."

सुनेनं बरणीतलं उरलेलं लोणचं फेकलं म्हणून आठवडाभर कुढणारी माणसं त्या भागात होती. टाय कोण फेकणार?

मग पंचाहत्तरीच्या अलीकडे ऑरिनला झटका आला. मोठा नव्हता, डॉक्टर म्हणाले. पण उजव्या हाताच्या अंगठ्यातून पकड गेली आणि हिवाळाभर जेवण गेलं. वसंतात तो अंगणात येऊन बसला तेव्हा शर्टाच्या गळ्यात दुसरी मान मावली असती. दर रविवारी आर्डिस विचारायची, "येतोस?" आणि तो म्हणायचा, "पुढच्या वेळी बघू."

पुढच्या वेळा संपत चालल्या होत्या. शेतं विकून तरुण माणसं शहरांकडे गेली होती, बाकं रिकामी पडली होती. ऑक्टोबरातल्या शेवटच्या रविवारी चर्च बंद करून सगळ्यांनी गावातल्या मोठ्या चर्चमध्ये जायचं ठरलं. लीलंड स्वतः सांगायला आला. त्यानं टोपी हातात धरली होती. ऑरिनच्या घरात टोपी काढायची त्याची पद्धत नव्हती.

"शेवटचं ताट आहे," तो म्हणाला. "डावीकडची बाकं तुझी. मी दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही."

ऑरिन खिडकीबाहेर बघत राहिला. "टाय बांधता आला तर येईन."

"आर्डिस बांधेल."

"लहान पोराला बांधतात तसा? नाही. स्वतः बांधीन तर येईन."

लोर्ना मिनिआपोलिसहून आली ती आदल्या दिवशी, एक चपटं खोकं घेऊन. आत निळा टाय होता. गाठ आधीच बांधलेली, मागं चिमटा.

"बाबा, नुसता गळ्याला अडकवायचा. कुणाला कळणारसुद्धा नाही."

ऑरिननं चिमटा उघडला, मिटला. "छान आहे," तो म्हणाला. "दोरीवर मोजे वाळत घालायला." लोर्ना हसली आणि मग स्वयंपाकघरात येऊन डोळे पुसायला लागली. आर्डिसनं तिच्या हातात बटाट्याच्या पोळ्या लाटायचं लाटणं दिलं.

सकाळी ऑरिन आरशासमोर उभा राहिला. आर्डिस पलंगाच्या कडेला बसून होती. उजव्या अंगठ्याला काही जमत नव्हतं, पण डाव्या हाताला सगळी वाट पाठ होती. वरून, मागून, पुन्हा वरून. वेढे बसले, पण गाठ आवळताना धरून ठेवायची जागा उजव्या हातातून निसटायची. तिसऱ्या खेपेला ती कशीबशी बसली. त्यानं मान वर केली. टोक बकलच्या खाली वीतभर लोंबत होतं.

त्यानं गाठ सोडली, पुन्हा त्याच वळावर मारली. पुन्हा तेच.

"लीलंडला सांग," तो आरशातल्या माणसाला म्हणाला, "मी येत नाही."

टाय पलंगावर पडला. आर्डिसनं तो उचलला, खिडकीपाशी नेला. इतकी वर्षं तिनं तो हाताळला होता, पण उजेडात आडवा धरून कधी पाहिला नव्हता. करड्या रेघांवरून एकामागून एक वळ गेले होते. सगळ्यात वरचा ताजा, रेशीम तिथं विरलेलं. त्याखाली लोर्नाच्या शाळेच्या दिवसांतला. त्याखाली आणखी एक. आणि खूप खाली, टोकाच्या बाजूला, बोट फिरवल्याखेरीज न कळणारी एक बारीक रेघ. तिच्यावर पहिल्या रविवारी इस्त्री फिरायची राहिली होती.

"ऑरिन, तू चुकीच्या जागी बांधतोयस."

"चाळीस वर्षं तिथंच बांधतोय."

"चाळीस वर्षं पोट होतं. आता नाहीये. हे बघ." तिनं त्याचं डावं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. "हा कुठला ते सांग."

बोट त्या रेघेवरून दोनदा गेलं.

"अजून आहे होय," तो म्हणाला.

त्यानं टाय पुन्हा गळ्यात टाकला, रुंद टोक वर घेतलं. पहिला वेढा त्या जुन्या रेघेवर आला आणि उजव्या हातातून निसटायला लागला. आर्डिस उठून त्याच्या मागं उभी राहिली. तोच म्हणाला, आवाज न चढवता,

"बोट ठेव."

तिनं त्याच्या खांद्यावरून हात नेऊन वेढ्यावर बोट दाबलं. त्याचा डावा हात वरून गेला, मागून आला, आत शिरला.

"आता काढ."

"अडकलंय."

"अडकलेलं नाही. मला माहीत आहे."

"मग सोडव."

आरशात त्याच्या तोंडाची एक बाजू हसली. दुसरी झटक्यापासून जरा उशिरा हसायची, तीही हसली. त्यानं गाठ वर सरकवली. टोक बकलला टेकलं. मागची शेपटी आता भलतीच लांब झाली होती. ती त्यानं पँटच्या पट्ट्याखाली खोचली, लग्नाच्या दिवशी खोचली होती तशी. सेफ्टी पिन खणातच राहिली.

चर्चमध्ये त्या दिवशी शहरात गेलेली माणसंही आली होती. बाकं भरली होती. स्तोत्र संपलं आणि ऑरिन डाव्या बाजूनं ताट घेऊन निघाला, डाव्या हातानं धरलेलं, उजवा खालून नुसता टेकवलेला. हळू चालत होता. पलीकडच्या रांगेत लीलंडनं आपली चाल त्याच्या चालीला मिळवून घेतली. आयुष्यात पहिल्यांदाच तो घाईत नव्हता.

आर्डिस पाचव्या बाकावर टोकाला बसली होती. लोर्ना तिच्या शेजारी. ऑरिन वाकला, ताट पुढं केलं. टायचं टोक बकलपासून जरा सुटलं, हिरव्या कापडापासून दूर हवेत थांबलं. ते पुढं गेलं नाही. आर्डिसनं पाकीट ठेवलं.

ताट फिरवताना बोलायचं नसतं. ऑरिन कधीच बोलला नव्हता.

"कसा दिसतोय?" त्यानं हलकेच विचारलं.

"तसं वाईट नाही," आर्डिस म्हणाली.

त्यांच्याकडे यापेक्षा मोठी स्तुती कुणी करत नाही. ऑरिननं मान डोलावली, ताट सावरलं आणि तो पुढच्या बाकाकडे गेला.