बिनकामाची फेरी

गाडीत बसण्याआधी ते चारही टायर अंगठ्याने दाबून पाहत. मग धोतर आवरून आत बसत आणि शेजारी जो कोणी असेल त्याला सांगत, "पाय हलका ठेवला नं, की गाडी दूर जाते." पाय त्यांचा, गाडी त्यांची, ऐकणाऱ्याने नुसती मान हलवायची.

ते भिक्षुकी करत. अकोल्याच्या जुन्या शहरात आमच्याच गल्लीत राहत. दर्यापूर रस्त्यावरच्या बऱ्याच गावांत त्यांचे यजमान होते आणि मी त्याच रस्त्यावरच्या एका गावात शाळेत शिकवायला जात असे. त्यांचं काम तिकडे असलं की माझी एसटी चुकली तरी काळजी नसे. सगळे त्यांना महाराज म्हणत, मीही म्हणायचे.

गाडीच्या अ‍ॅव्हरेजवर बोलायला लागला की थांबतच नाही, असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. महाराज त्यातले. हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. इंजिन ओरडायच्या आत गिअर बदलायचा. क्लचवर पाय टेकवून ठेवायचा नाही. कापसाच्या दिवसांत काळ्या मातीची धूळ फार, म्हणून ते एअर फिल्टर काढून ओट्यावर आपटत बसत, आणि त्यांची बायको, आमच्या काकू, घरातून ओरडत की मी आत्ताच सडा टाकलाय. टपावरचं कॅरियर त्यांनी कधीच काढून टाकलं होतं. ते वारा अडवतं म्हणे. दूरवर बैलगाडी दिसली की त्यांचा पाय तिथूनच सैल होई. गाडी आपसूक मंदावत जाई, ब्रेक लावावाच लागत नसे. ब्रेक मारला म्हणजे जाळलेलं पेट्रोल मातीत गेलं, असा त्यांचा हिशेब.

एकदा मात्र या नादाने त्यांचा जीवच जायचा. पातूरच्या घाटात उताराला त्यांनी इंजिन बंद केलं. ब्रेक दगडासारखा घट्ट झाला, स्टिअरिंग वळेना, आणि गाडी मुरमाच्या ढिगात शिरली म्हणून वाचले. त्यानंतर उताराला गाडी गिअरमध्येच ठेवायची, हे ते लग्नाच्या मांडवातसुद्धा लोकांना सांगत.

पण त्यांचा सगळ्यात मोठा नियम वेगळाच होता. एका कामासाठी कुठे जायचं नाही. दोन-तीन कामं जुळली की मग एकच फेरी.

पुढे कामं जुळायला वेळच लागेनासा झाला. नापिकीची, कर्जाची ती वर्षं वऱ्हाडात ज्यांनी काढली त्यांना वेगळं सांगायला नको. वास्तू, सत्यनारायण, लग्नं कमी होत गेली. दहावे आणि तेरव्या वाढल्या. एका फेरीत दोन गावचे दहावे असं होऊ लागलं. गेलेल्याचं वय विचारणं महाराजांनी सोडून दिलं.

या घरांतून ते शिधा घेत नसत. लोक गव्हाचं, तुरीचं पोतं गाडीपर्यंत आणत आणि हे हात आडवा धरत. "नको हो. गाडी बसते मागून. अ‍ॅव्हरेज देत नाही." नारळ तेवढा उचलत. लोकांना हसू येई. ज्या घरात तेरा दिवस कोणी हसलेलं नसे तिथेही एखादा म्हातारा म्हणे, महाराजाची गाडी लयच नाजूक.

परतताना मात्र हेच महाराज फाट्यावर उभी असलेली तीन-चार माणसं फुकट गाडीत कोंबत. एकदा मी विचारलं, माणसांचं वजन होत नाही का? ते म्हणाले, "माणसं आपली आपण उतरतात, बाई. पोतं घरापर्यंत येते."

मी हसले होते. तेव्हा मला ते नीट कळलं नव्हतं.

माझ्या शाळेच्या पुढे, डांबरी रस्त्यापासून बरंच आत एक गाव होतं. तिथे एकाचं बी-बियाणं, खतं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान होतं. मवाळ माणूस. त्याची मुलगी माझ्या चौथीच्या वर्गात होती. ती त्या गावाहून रोज चालत येई आणि पाऊस असला की हा तिला मोटारसायकलवर सोडायला येई. त्या वर्षी त्याच्या गावात आणि आसपास काही शेतकऱ्यांनी जीव दिला, तो त्यानेच विकलेलं औषध पिऊन. पोलीस पंचनाम्याला येत, बाटलीवरचं नाव वाचत आणि दुकान कोणाचं म्हणून विचारत. त्याला कोणी दोष दिला नाही. पण मुलगी मला सांगायची, की बाबा झोपत नाहीत.

एकदा त्याने फाट्यावर आमची गाडी थांबवली. खिडकीशी वाकून महाराजांना म्हणाला, "दुकानाची शांती करून द्या, महाराज. मले आत बसवत नाई."

महाराजांनी होकार दिला. त्यांनी कधी कोणाला नाही म्हटलंच नव्हतं. फक्त म्हणाले, "तिकडे काम निघालं की येतो. एकाच फेरीत होऊन जाईल."

तो रस्ता गाडी खाणारा होता. खडी उखडलेली, जागोजागी खड्डे, दुसऱ्या गिअरच्या वर जाता येत नसे. एका शांतीसाठी तिकडे जाणं महाराजांच्या नियमात बसत नव्हतं. पुढे त्याने माझ्याकरवी निरोप पाठवला. मी तो दिला. महाराज म्हणाले, सांगा, येतो म्हणून. पोळ्याच्या आधी एखादं काम निघतेच तिकडे.

पोळ्याच्या आधी काम निघालं. ते त्याचंच होतं. एका सकाळी तो दुकानातच सापडला.

तेरवीच्या दिवशी शाळा सुटल्यावर मी त्या घरी गेले. महाराजांनी सगळं नीट केलं, पण आवाज नेहमीचा नव्हता. मंत्र म्हणताना ते दोनदा थांबले. जेवणं झाली. ते निघाले तेव्हा त्या माणसाच्या बायकोने गव्हाचं पोतं अंगणात आणून ठेवायला लावलं. महाराजांनी सवयीने हात आडवा धरला आणि सवयीने तेच वाक्य म्हणाले.

ती दाराशी उभी होती. तिच्या आवाजात राग नव्हता. "सारं अ‍ॅव्हरेजवरच पाहता का, महाराज?" मग म्हणाली, "तुमी येनार म्हनून ते रोज वाट पाहत होते. गाडीचा आवाज आला की दुकानातून उठून उभे राहत."

 महाराजांनी उपरणं खांद्यावरून काढून कमरेला बांधलं. दोघे जण पुढे झाले, त्यांना त्यांनी बाजूला सारलं आणि पोतं स्वतः उचललं. साठीचा माणूस. दोन पावलांवर टेकवलं, पुन्हा उचललं. कसंबसं डिकीत टाकलं. अकोल्यापर्यंत मी शेजारी होते. खड्ड्यात गाडी मागून घासत होती.

त्या गव्हाच्या पोळ्या त्यांच्या घरी झाल्या. काकूंनी मला सांगितलं की ते रोज जेवतात, पण त्या पोळ्यांना हात लावायच्या आधी थोडा वेळ नुसते बसून राहतात.

त्यानंतर महाराज काम नसताना जाऊ लागले. आठवड्यातून दोन-तीनदा. आतल्या गावांत, उखडलेल्या रस्त्यांनी, एका-एका घरासाठी. जाऊन काय करत? काही नाही. ओट्यावर बसत, चहा घेत, बोंडं किती लागली विचारत. कुठे कोणाचं बरं नाही असं कानावर आलं की तिकडे वळत. पेट्रोल पाण्यासारखं जाऊ लागलं. काकू वैतागल्या, मलाच म्हणाल्या की तू तरी सांग त्यांना. मी गाडीत तो विषय काढला. ते समोर बघत म्हणाले, "काम नसतानाच जायला पायजे, बाई. काम निघालं मंजे उशीर झालेला असते."

याने कोणी वाचलं का, मला माहीत नाही. कोणाला माहीत असणार? एक उलटी गोष्ट मात्र माहीत आहे. एका गावात ते एका तरण्या माणसाकडे मंगळवारी दुपारभर बसून आले होते. तो हसला होता, त्याने त्यांना पेरूही दिले होते. त्याच आठवड्यात त्या घरून त्याच्याच दहाव्याचं बोलावणं आलं. परतताना गाडी पुलाजवळ थांबवून महाराज म्हणाले, "मी त्याच्याशी पावसाचंच बोललो. दुसरं काही विचारलंच नाही."  मला वाटलं आता हे बंद होईल. पुढच्या सोमवारी गाडी पुन्हा निघाली.

दोन उन्हाळे असेच गेले. मग त्यांच्या छातीत दुखायला लागलं आणि मुलगा त्यांना आणि काकूंना पुण्याला घेऊन गेला. गाडी विकली. गल्लीतलं घर भाड्याने दिलं. गावोगावची माणसं मला एसटी थांब्यावर विचारत, की महाराज काहून येत नाहीत. मी सांगायचे, तब्येत बरी नाही, येतील. दिवाळीच्या आसपास काकूंचा फोन आला, तेव्हा ते जाऊन आठ दिवस झाले होते.

मी त्या आतल्या गावात गेले. त्या दुकानदाराची बायको आता ते दुकान चालवत होती. औषधांची फळी रिकामी करून तिने किराणा भरला होता. मी तिला सांगितलं. तिने हातातलं माप खाली ठेवलं, मला स्टुलावर बसवलं आणि आत जाऊन चहा टाकला. 

कप हातात देताना तिने विचारलं, "तिकडं त्याईच्यापाशी कोनी बसलेलं होतं का?"

मी म्हटलं, मुलगा होता. काकू होत्या.

"मंग बरं," ती म्हणाली. एक म्हातारी पिशवी घेऊन दारात आली होती. तिने तिला साखर मोजून दिली आणि मग विचारलं, की घरी सगळे कसे आहेत. म्हातारी पायरीवर बसली आणि सांगू लागली.