ज्यात फोन येत नाही असं काहीतरी

डॉक्टरांनी मला रोज पाऊण तास चालायला सांगितलं, तेव्हा आमच्या घरात माझ्या तब्येतीची भलतीच काळजी सुरू झाली. सासूबाईंनी मेथीदाणे भिजत घातले. पुण्याहून लेकीने बूट पाठवले. नवऱ्याने तर तोंड भरून सांगितलं की तू निवांत फिरून ये, घराकडे मी बघतो. हे गृहस्थ बत्तीस वर्षं साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. कोणता कामगार कुठल्या पाळीला कुठल्या खात्यात आहे, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं. आपले बनियन कुठल्या कप्प्यात असतात हे मात्र निवृत्तीला दोन वर्षं झाली तरी त्यांना कळलेलं नव्हतं.

मी सकाळी पावणेसहाला निघायचे. कोपरगावातल्या आमच्या कॉलनीपासून पाट पाच मिनिटांवर आहे. पाटाच्या कडेने कच्चा रस्ता, बाजूला ऊस, आणि अख्ख्या दिवसातला एवढाच पाऊण तास माझा. आधी डबा, नंतर शाळा, संध्याकाळी पुन्हा ओटा. मोबाईलवर जुनी गाणी लावून चालावं, एवढीच माझी हौस. पण गाणं जरा रंगात आलं की फोन वाजायचा. नळ आलाय, मोटर लावू का? आईची गोळी उपाशीपोटी द्यायची की खाऊन? दूध वर आलंय, गॅस बंद करू का, हेसुद्धा मला फोन करून विचारलेलं आहे. मी 'करा' म्हणेपर्यंत दूध ओट्यावर.

गाण्याशिवायही चालून बघितलं. छे! मग डोक्यात भाजी, तपासायच्या वह्या आणि सासूबाईंचं पथ्य एकामागोमाग सुरू व्हायचं. म्हणजे अख्खं घर माझ्याबरोबर पाटावर फिरायला.

लेकीला हे सांगितलं तर तिने गळ्यात अडकवायचा, बिनवायरच्या इअरफोनचा पट्टा पाठवला. फोन आला की त्यातली एक बाई फोन करणाऱ्याचं नाव इंग्रजी थाटात पुकारते. आधी फोन नुसता वाजायचा, आता माझ्या कानात नवऱ्याच्या नावाची द्वाही फिरायला लागली. मग लेकीने मला मोबाईल विमान मोडवर टाकायला शिकवलं. तो सुखाचा प्रकार एकच दिवस टिकला. परत येते तर सगळे दारात उभे. शेजाऱ्यांना मोटरसायकल घेऊन पाटाकडे पिटाळलेलं. फोन जवळ असून बंद ठेवलास, याचा अर्थ काय समजायचा, असं नवऱ्याने विचारलं. सासूबाई दोन दिवस माझ्याशी कामापुरत्या बोलल्या. तेव्हा कुठे मला आमच्या घरचा कायदा उमगला. फोन जवळ ठेवून बंद करणं हा अपमान. फोन घरीच राहिला तर तो नुसता वेंधळेपणा, आणि वेंधळेपणा आमच्याकडे बायकांना माफ असतो. तेव्हा मला गाणी वाजवणारी, पण फोन नसलेली वस्तू हवी होती.

बाजारपेठेतल्या मोबाईलच्या दुकानाचा मालक माझा जुना विद्यार्थी. आता दोन लेकरांचा बाप आहे, पोट सुटलंय, पण मला बघून अजून उठून उभा राहतो. चालताना गाणी ऐकायला काहीतरी दे म्हटल्यावर, कळसूबाईला चालल्या का, असं त्याने कौतुकाने विचारलं. मी म्हटलं, पाटापर्यंतच जायचंय, पण एकटीला जायचंय. ते त्याच्या डोक्यावरून गेलं. त्याने आधी एक भलामोठा स्पीकर काढला. त्याला खांद्यावर टाकायचा पट्टा, वर रंगीत दिवे. आवाज पाटाच्या पल्याड जाईल म्हणाला. ती सेवा उसाचे ट्रॅक्टर आम्हाला हंगामभर फुकट देतात, असं मी त्याला सांगितलं. मग त्याने काचेच्या पडद्याचा एक चकचकीत प्लेअर दाखवला. तो पावलं मोजतो, नाडी मोजतो, पाण्यात पडला तरी चालतो. वर हे सगळं तुमच्या मोबाईलला जोडता येतं, असं तो मोठ्या अभिमानाने म्हणाला. मी प्लेअर हळूच परत ठेवला.

शेवटी त्याने खालच्या खणातून धूळ बसलेली एक डबी काढली. काडेपेटीएवढी. मागे ओढणीला अडकवायचा चिमटा, पुढे चार बटणं, चष्म्याशिवाय अंगठ्याने दाबता येतील अशी. पडदा नाही, दिवे नाहीत. मी एकाच कानात वायर घालून बघितली, कारण दुसरा कान मागून येणाऱ्या ट्रॅक्टरसाठी मोकळा ठेवावा लागतो. आवाज छान होता. त्यालाच बिचाऱ्याला माझी दया आली.

"बाई, हे नका घेऊ," तो म्हणाला. "ह्यात फोन येत न्हाई."

माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत या विद्यार्थ्याने दिलेलं हे पहिलं बरोबर उत्तर. मी ती डबी तिथल्या तिथे घेतली. त्याने कार्डात दोनशे गाणी भरून दिली. जुनी भर म्हटलं होतं, निम्मी वरातीतली निघाली. चालायला ती काही वाईट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मोबाईल सगळ्यांना दिसेल असा फ्रिजवर चार्जिंगला लावला आणि निघाले. एकामागून एक सहा गाणी पुरी ऐकली! मध्येच मन चरकायचं. त्या पाऊण तासात मी मनातल्या मनात घराला आग लावली, टाकी फोडली, सासूबाईंना दवाखान्यात नेऊन परतही आणलं. शेवटचा तुकडा तर जवळजवळ पळतच आले.

घरी टाकी भरून मोटर बंद केलेली होती. दूध तापवून झाकलेलं. सासूबाई गोळी घेऊन, चहा पिऊन जप करत बसलेल्या. आणि नवरा टेबलावर पोहे खात होता. मोहरी कच्ची राहिली होती, पण पोहे होते, आणि माझी बशी झाकून ठेवलेली होती. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. एक घास खाऊन मी विचारलं, "अहो, हे सगळं येतं तुम्हाला, मग रोज फोन कशाला करायचात?"

त्यांनी थोडा विचार केला. "तू उचलायचीस ना," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. मी खरं विचारलं, त्यांनी खरं सांगितलं. माझ्यावाचून या घराचं अडतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. त्याच तोऱ्यात कुरकुरतही होते. डोळ्यांत पाणी आलं, आणि त्यांच्यापेक्षा स्वतःचाच असा संताप आला की मी बशी बाजूला सारली. लग्न झाल्यापासून सत्तावीस वर्षं मी प्रत्येक हाकेला ओ दिली होती. कधी एकदा देऊ नये, हे मला सुचलंच नव्हतं.