वर येऊ नका

माझं अक्षर वेडंवाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकतं, माफ करा.

काल तलावात आम्ही नवराबायको पायाने चालवायच्या दोघांच्या होडीत होतो, तेव्हा जवळच माणसांनी भरलेली नाव उलटली. आम्ही पोचताच चौघांनी आमच्या होडीची कड धरली. एक बाई वर चढू लागली, तशी होडी कलली.

"अगं, चढू देऊ नकोस, सगळेच बुडू!" आमचे हे पाय मारत ओरडले.

दारात परकं माणूस आलं तरी माझ्या तोंडून 'या, बसा' आपोआप निघतं. बुडणाऱ्या बाईला मात्र मी म्हणाले, "ताई, वर येऊ नका. नुसतं धरून राहा."

काठ येईपर्यंत मी तिचं मनगट सोडलं नाही. त्याहून जास्त काही करता येईना.

काठावर तिनेच विचारलं, "हात दुखला का हो तुमचा?"