शरदकाका आणि पबमागचं थिएटर

शरदकाका कुणाच्याही घरी गेले, की बसण्याआधी खिडक्या उघडतात. अमेरिकेत बेलव्ह्यूच्या आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा चोराचा अलार्म केकाटला आणि घरमालक असूनही तो बंद कसा करायचा, हे मला बायकोला विचारावं लागलं. काका शांतपणे म्हणाले, "घर आहे का थर्मास?"

नागपूरचे हे निवृत्त आर्किटेक्ट लेकीकडे राहायला आलेले. आमचं मराठी मंडळ नाटकं करायचं एका शंभरी ओलांडलेल्या पबमागच्या थिएटरात. (आईला फोनवर मी 'हॉल' म्हणतो.) उन्हाळ्यात तिथे प्रेक्षक उकडून निघत. मालकीण मार्था जुनं लाकडी छप्पर पाडून, नवं बांधून मोठा एसी बसवणार होती. काकांना फॉल्स सीलिंगच्या वर छपरातल्या हवेच्या मूळच्या झडपा सापडल्या, खिळे ठोकून बंद केलेल्या.

"खालून गार हवा घ्या, वरून गरम सोडा. छप्पर काहून पाडता, बाप्पा?"

त्यांनी आराखडे काढले, झडपा मोकळ्या करून घेतल्या. मार्था म्हणाली, आधी एक नाटक एसीविना करून दाखवा, मग ठरवते.

नाटक आमचं. काकांनी कमिटीला दहादा बजावलं, "खालच्या खिडक्यांसमोर काही ठेवू नका." पण मध्यंतराला गरम बटाटेवडे नसले तर आमचं नाटक होत नाही. अध्यक्षांनी शेगडीसाठी सावलीची, गार जागा शोधली. ती अर्थातच त्या खिडक्यांबाहेर सापडली. मी उपाध्यक्ष, म्हणजे खुर्च्या लावणारा. "अहो, काका म्हणाले होते..." एवढं म्हणेपर्यंत माझ्या हातात झारा आला.

पहिल्या अंकातच तेलाचा धूर रंगमंचावर गेला. विरहात बुडालेली नायिका खोकायला लागली. प्रेक्षक रस्त्यावर.

"काका, चार वडे तळले तर एवढं काय?" अध्यक्ष म्हणाले.

"हवेला अक्कल आहे हो. कमिटीला कधी येणार?" काकांचा आवाज मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला.

आत मार्था एकटीच वर बघत उभी होती. धूर खुर्च्यांवरून सरकत सरळ झडपांतून बाहेर चालला होता. "शरद, इट वर्क्स!" ती ओरडली. काका तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. आमच्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

छप्पर वाचलं. पण तळण बंद, हा मार्थाचा नियम कमिटीला झेपला नाही. आता नाटकं शाळेच्या ऑडिटोरियममध्ये होतात. तिथे पार्किंगमध्ये वडे तळता येतात, आणि आत एसी असा, की प्रेमप्रसंगसुद्धा आम्ही जॅकेट घालून बघतो. काकांना बोलावलं, तर म्हणाले, "वडे खा तुम्ही."

शनिवारी ते एकटेच मार्थाकडे इंग्रजी नाटकाला जातात. परवा विचारलं, "काका, त्यांचं बोलणं कळतं का?"

"अर्धंच," ते म्हणाले. "उरलेला वेळ मी वर बघतो."