व्हॅनचं तेल गळत होतं तेव्हा

माझी व्हॅन जुनी आहे, पण भंगार नाही. जळगावात भरीत-पुरीच्या ऑर्डरी घेतो, तो सगळा पसारा तिच्यातूनच जातो: वांगी, भाजायला कपाशीच्या वाळक्या काड्या, पातेली, पुऱ्यांच्या कढया. हा धंदा मी शून्यातून उभा केला. गेल्या हिवाळ्यात तो एका तेलाच्या डागावर येऊन अडला.

धुळ्याचे एक मारवाडी शेठ माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. हिवाळाभर दर रविवारी त्यांच्या बंगल्यावर भरीत पार्टी. त्यांनी अंगणात नवी पांढरी फरशी बसवली आणि माझ्या व्हॅनने तिच्यावर इंजिन ऑइलचं काळं थारोळं केलं. शेठ आवाज न चढवता बोलले. तसं बोलणं जास्त झोंबतं.

"भाऊ, तुमच्या हाताला चव आहे. पण पुढच्या रविवारी एक थेंब जरी पडला, तर मी दुसरा माणूस बघणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जळगावात माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेलो. तो खाली वाकला, गिअर बॉक्सच्या जोडापाशी बोट लावलं आणि उठला.

"मागचं सील गेलं. इंजिन उतरवावं लागेल."

"कशावरून?"

"ओलं दिसतंय ना, भाऊ."

"ओलं तर तुझं कपाळपण आहे. तेही उतरवतो का?"

तो हसला नाही. म्हणाला, "एवढा खर्च या गाडीवर कशाला? काढून टाका. माझ्याकडे गिऱ्हाईक तयार आहे."

गाडीचं दुखणं कळायच्या आधी गिऱ्हाईक तयार! इतकी वर्षं याच्या हातात माझी गाडी डोळे झाकून दिली. मी बोनेटवर हात आपटला, नको ते बोललो आणि गाडी घरी आणली. तो राग अजून गेलेला नाही, जाऊही देणार नाही.

मी मेकॅनिक नाही. पण बाजारात वांगं घेताना मी बूड बघत नाही, देठ बघतो. तेलही वरून खाली येतं. जिथे ठिबकतं तिथेच फुटलं असेल असं नाही. आमच्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली, ब्रशने डिझेल मारून सगळं इंजिन धुतलं आणि फडक्याने कोरडं केलं. मग बायकोचा पावडरचा डबा घेतला आणि इंजिनवर पांढरी धूळ बसेल अशी पावडर उडवली.

"त्याला लग्नाला न्यायचंय का?" बायको म्हणाली.

तशीच गाडी एरंडोलपर्यंत पळवून आणली. परत येऊन सीट उचलली, तर पांढऱ्यावर काळा ओघळ स्पष्ट. इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरच्या मागच्या कडेपासून निघून तो थेट त्या जोडापर्यंत उतरला होता. कव्हर काढलं. आतलं रबरी पॅकिंग कडक होऊन तडकलेलं. नवं आणलं, दोन्ही कडा घासूनपुसून बसवलं आणि बोल्ट बेताने आवळले. जास्त आवळलं की पॅकिंग पिळवटतं.

रात्री एक फेरी मारून गाडी लावली. सकाळी बघतो तर पुन्हा ओलं.

हातातला पाना मी भिंतीवर फेकला. मग चहा घेतला आणि विचार केला. पॅकिंग नवं, कडा साफ, तरी तेल बाहेर येतं, म्हणजे आतून कोणीतरी ढकलतंय. गाडी चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल केलं, तर फस्सकन वारा आला आणि झाकण हातातून उडालं. इंजिनच्या आतला धूर बाहेर जायला एक नळी असते. तिच्यावरून बोटं फिरवत मागे गेलो, तर नळी तडकलेली, आणि वर दुमडून घट्ट बांधलेली. कशाने? केळीच्या सोपटाने!

रावेर-फैजपूरकडे केळीच्या खोडाच्या वाळक्या सालीची ही पट्टी दोरीसारखी वापरतात. तिकडचा माणूस सोपटाने काहीही बांधतो. आणि तिकडचा माणूस म्हणजे फैजपूरचा माझा थोरला भाऊ. घरात आम्ही त्याला नाना म्हणतो. चारचौघांत तो मला 'वांगे भाजनारा' म्हणतो, पण घरचं प्रत्येक लग्न माझ्याच व्हॅनमधून निघतं. मागच्याच महिन्यात एका लग्नाला तो ती घेऊन गेला होता. लगेच फोन लावला.

"नाना, इंजिनची नळी तू बांधली?"

"मंग? बायायले वास येत व्हता गाडीत. बांधल्यावर बंद झाला का नाही?"

"नळी तडकली होती, म्हणून वास येत होता. सांगायचं तरी!"

"त्यात काय सांगायचं? तुह्यं कामच करून देलं मी."

माझा धंदा बुडायला आला होता आणि याने माझं काम करून दिलं होतं! मी फोन ठेवला. सोपट कापलं, नवी नळी टाकली, इंजिन पुन्हा धुतलं, पुन्हा पावडर. पुन्हा एरंडोल. या वेळी पावडर जशीच्या तशी.

रविवारी शेठनी अंगणात पुठ्ठा पसरून ठेवला होता.

"पुठ्ठा उचला, शेठ. मी फरशीवरच लावणार. डाग पडला तर आजचं जेवण माझ्याकडून."

"आणि नाही पडला तर?"

"तर हिवाळाभर दुसऱ्या माणसाचं नाव काढायचं नाही."

शेठनी मान हलवली. पंगत उठल्यावर पांढऱ्या कपड्यांची पर्वा न करता ते स्वतः गाडीखाली वाकले आणि मोबाइलचा उजेड कोपऱ्याकोपऱ्यात फिरवला. उठले, गुडघे झटकले.

"कोरडं आहे. ठरलं, भाऊ."

"मला एकट्याला नका सांगू. मागच्या रविवारी डाग सगळ्यांनी पाहिला होता. पाहुण्यांना सांगा."

 शेठ वळून सुपारी कातरत बसलेल्या पाहुण्यांना मोठ्याने म्हणाले, "हिवाळाभर भरीत यांचंच!"

तेव्हा कुठे मी हात धुतले आणि स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.