झाकणातलं गरम ऑईल

मी आणि माझ्या बायकोने सोबत केलेलं शेवटचं काम म्हणजे ओट्यावर बसून शेंगा फोडणं. दुसऱ्या दिवशी ती झोपेतच गेली... म्हणून ते ध्यानात राहिलं.

मी भुताखेताला मानत नाही. चौथी शिकलेला माणूस, पण भडगावजवळ गिरणाकाठी जन्मभर अंधारात पिकाला पाणी भरलं, कधी काही दिसलं नाही. तरी लिहितो, कारण हे सुनेनेही पाहिलं.

त्या दिवशी शेंगा फोडता फोडता बायकोने विचारलं, "गाडी भाच्याच्या नावावर केली का?"

"भाच्याकडे सह्या मागू? लाज शे का नाही?"

आमच्या घरात मामा भाच्याच्या पाया पडतो. त्याला दिलं ते दान, आणि दानाचा कोणी कागद करत नाही. माझी मोटारसायकल मी धुळ्याच्या भाच्याला अशीच दिली होती. हिने कुंकू लावलं, मी नारळ फोडला, झालं. नाव माझंच राहिलं.

ती हसली. "मंग गाडी तुमनीच शे. चांगलं व्हयनं तरी तुमनी, वाईट व्हयनं तरी तुमनी."

ती गेल्यावर काही महिन्यांनी भाच्याने शिरपूर रोडला एका दूधवाल्याला ठोकलं. त्याचा पाय मोडला. गाडीचा विमा संपलेला. भरपाईची नोटीस आली माझ्या नावाने, कारण मालक मी.

मुलगा म्हणाला, "आबा, गाडी चोरीला गेली होती म्हणा. नाहीतर शेत विकावं लागेल."

"अन् चोर कोण? भाचा?"

"तुम्ही बोलू नका. उद्या वकिलासमोर नुसती मान हलवा."

ते शेत तिनेही माझ्यासोबत कसलेलं...

त्याच दुपारी ओट्यावर आडवा पडलो होतो. जागा होतो, आधीच सांगून ठेवतो. आमच्या गाडीचा आवाज आला. चढावर दम खायची ना, तोच. मग स्टँड लावल्याचा खट्ट आवाज. मग बांगड्या — माझा खांदा धरून उतरताना तिच्या वाजायच्या, तशाच.

उठलो. अंगणात कोणी नाही. गाडी ऑईल गाळायची म्हणून तिने खाली पत्र्याचं झाकण ठेवलं होतं. गाडी दिली तरी ते फेकलं नव्हतं. कधीचं कोरडं पडलेलं. आता त्यात काळं ऑईल. बोट लावलं... गरम!

सुनेला हाक मारली. ती कॉलेज शिकलेली. "आबा, आत्ताच झाडलं मी इथं. कोरडं होतं हो." आणि गाडी तर तेव्हा तिकडे पोलीस ठाण्यात जमा होती.

मुलगा म्हणतो, कोणाचा ट्रॅक्टर येऊन गेला असेल. ट्रॅक्टर बांगड्या घालतो का रे? ऑईल कुठून आलं, मला आजही कळलेलं नाही. पण ती काय सांगायला आली, ते कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेली टोपी घातली आणि मुलासोबत धुळ्याला गेलो. भाचा वकिलाच्या दारात मान खाली घालून उभा.

वकील म्हणाला, "आबा, गाडी चोरीला गेली होती ना?"

"नाही. माझ्या घरच्या बाईने कुंकू लावून ती भाच्याला दिली. मालक मी. दूधवाल्याच्या पायाचं मी बघतो."

"शेत जाईल, आबा!"

"जाऊ द्या. खोटारड्याची बायको म्हणून नाही मेली ती."

बाहेर आलो. भाचा पाय मागे घेत म्हणाला, "मामा, नका ना..."

भर रस्त्यावर, सगळ्यांसमोर, वाकून त्याच्या पाया पडलो.